सतरा सप्टेंबर : आपल्या मुलखाचा मुक्तिदिन



एरवी या पानावर आम्ही बेणे, खताचे हप्ते, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. सप्टेंबर महिना आपल्याकडे दोन गोष्टींचा असतो. एक कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि दुसरी १७ तारखेचे झेंडावंदन. पहिल्या गोष्टीचा अहवाल सर्वांच्या हाती पोचतो. दुसरीचा अहवाल कोणी देत नाही. ऊस नोंदीसाठी गटागटांतून फिरताना तरुण सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की. मग महिन्याभरात परत हे दुसरं कशापायी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट, क्रमाने द्यावे म्हणून हा पाठ.

मुलूख कोणाचा होता

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी औसा तालुका भारतात नव्हता. आपला तालुका तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होता. तो जिल्हा हैदराबाद संस्थानात, आणि संस्थानावर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे राज्य. ते १९११ साली गादीवर आले. संस्थानात एकूण १६ जिल्हे होते. त्यांपैकी ८ तेलंगणाचे, ३ कानडी मुलखाचे आणि ५ मराठवाड्याचे : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद. लातूर हा वेगळा जिल्हा पुढे १९८२ साली झाला, तेव्हा औसा त्यात आला.

इंग्रज जाताना संस्थानिकांना मोकळीक मिळाली होती. बहुतेकांनी भारतात सामील व्हायचे ठरविले. निजामांनी मात्र जून १९४७ मध्ये फर्मान काढून हैदराबाद स्वतंत्र राहील असे जाहीर केले. त्यामुळे तिकडे सोलापूर-बार्शीला तिरंगा फडकला आणि इकडे औशाला तो हातात धरणे हा गुन्हा ठरला. पाटाच्या वरच्या अंगाला पाणी पोचावे आणि शेवटच्या टोकाचे रान कोरडेच राहावे, तसा हा प्रकार. आपल्या रानात पाणी यायला तेरा महिने आणि दोन दिवस लागले.

त्या काळी शेतकऱ्याची गत

संस्थानातील जमीन सगळी एका प्रकारची नव्हती. खालसा म्हणजे सरकारी महसुलाची. सर्फे-खास म्हणजे निजामांच्या खाजगी खर्चाची. त्याशिवाय पायगा आणि जहागिरी. जहागिरीतल्या रयतेला सारा द्यायचा तो जहागीरदाराला, आणि दाद मागायची तीही बहुधा त्याच्याकडेच.

दरबारची भाषा उर्दू. जमिनीचे कागद, कोर्टाचे निकाल, वरच्या शाळेतले शिक्षण सारे उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, त्याचेही शिक्षण उर्दूतून. उर्दू भाषा गोड आहे, तिच्याशी कुणाचे वैर नव्हते. परंतु आपल्याच सातबाऱ्यावर काय लिहिले आहे हे ज्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, तो आपल्या जमिनीचा अर्धाच मालक असतो. सभा घ्यायची, वाचनालय काढायचे, खाजगी शाळा चालवायची, तर सरकारी परवानगी लागे.

सालसुद्धा वेगळे. फसली सन चाले. जुन्या कागदावर १३५७ फसली दिसले, तर त्यात ५९० मिळवायचे म्हणजे १९४७-४८ हे साल निघते. नाणेही वेगळे. आपला 'हाली' रुपया आणि हद्दीपलीकडचा 'कलदार'. शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली मोजावे लागत. लातूरच्या पेठेतला माल १९११ सालापासून अरुंद रुळांच्या बार्शी लाईट रेल्वेने बाहेर जाऊ लागला, पण हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यात लेव्हीची भर पडली. घरी दाणा पुरो न पुरो, ठरलेले धान्य सरकारात घालावेच लागे.

उसाच्या धंद्याचे म्हणाल, तर संस्थानचा मोठा साखर कारखाना १९३७ साली स्थापन झाला तो बोधनला, निजामाबाद जिल्ह्यात. त्याच्या जवळ निजामसागर, १९२३ ते १९३१ या काळात बांधलेला. हे धरण आहे मांजरा नदीवर. म्हणजे आपल्या लातूरच्या अंगणातून वाहून गेलेले पाणी खाली अडले आणि तिकडच्या उसाला मिळाले. आपल्या वाट्याला खरिपाची ज्वारी आणि आभाळाकडे डोळे.

लढ्याची उभारणी

अशा मुलखात लोकांना जागे करण्याचे काम प्रथम शाळांनी केले. हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. सोलापूरकडून एक तरुण शिक्षक तेथे आले. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३. त्यांनी १९३० साली संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. डोंगरात जाऊन बसणारा हा संन्यासी नव्हता. त्यांनी वर्गात मुले घडविली, आणि तीच मुले पुढे लढ्याचा कणा झाली.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी परिषद आपल्या लातूरला भरली. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केला. त्याच वर्षी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला, त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. आर्य समाजानेही सत्याग्रह केला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल १९३८ सालीच बीदरच्या तुरुंगात मरण पावले. उदगीरची एक शिक्षणसंस्था त्यांच्या नावाने आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते, पण नाव का दिले हे ठाऊक नसते. नांदेड भागात गोविंदराव पानसरे यांची बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ साली हत्या झाली.

तेरा महिन्यांचा काळ

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' हा दिवस पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव अशा कार्यकर्त्यांनी मग हद्दीवरून लढा चालविला. बार्शी, सोलापूर, पंढरपूर, उमरखेड, पुसद अशा ठिकाणी कॅम्प उभे राहिले. इकडची कुटुंबे बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडे गेली. ज्यांच्या घरी आजी-आजोबा होते, त्यांनी 'बार्शीला पळून गेलो होतो' हे शब्द ऐकले असतील. ते हेच दिवस.

लढ्याचे कार्यक्रम शेतकऱ्याला समजतील असे होते. लेव्हीचे धान्य घालायचे नाही. शिंदीची झाडे तोडायची, म्हणजे सरकारचे अबकारी उत्पन्न बुडते. करोडगिरीचे नाके जाळायचे. पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे ताब्यात घ्यायची. बायाही मागे नव्हत्या. निरोप पोचविणे, भाकरी पोचविणे, वेळप्रसंगी हत्यार लपविणे ही कामे त्यांनी केली. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव तर साऱ्या मराठवाड्याला माहीत आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यात उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी धाड घातली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या रकमेचा चोख हिशेब ठेवला गेला, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते. सहकारी संस्थेच्या सभासदांनी तर ती आवर्जून लक्षात ठेवावी. जीव मुठीत धरून फिरणाऱ्या माणसांनाही लोकांच्या पैशाचा हिशेब द्यावासा वाटला.

दुसऱ्या बाजूला रझाकार संघटना वाढत होती. तिचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा. निजामांनी २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला, पण खेड्यांत जैसे थे काहीच राहिले नाही. गावे लुटली गेली, घरे जळाली, माणसे मारली गेली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी मोठे हत्याकांड झाले. आपल्या जिल्ह्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट हे रझाकारांशी झालेल्या सामन्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते.

पोलीस कारवाई

वाटाघाटी थकल्यावर गृहमंत्री सरदार वल्लभभाई पटेल यांनी कारवाईचा निर्णय पुढे रेटला. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून हद्दीत शिरल्या. नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे. पहिला सामना आपल्या शेजारी नळदुर्गला झाला. तेथील बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागल्याने पुढची वाट मोकळी झाली. उमरगा, हुमनाबाद करीत फौज हैदराबादकडे सरकली. औरंगाबाद-जालन्याच्या बाजूने दुसरी तुकडी आत आली. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामांनी लढाई थांबविल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, संस्थानचे सेनापती एल-इद्रूस यांनी शरणागती दिली.

फौज वापरूनही याला 'पोलीस कारवाई' म्हणतात, याचे कारण भारत सरकारच्या मते हा परमुलखाशी झालेला लढा नव्हता, तो घरातला बंदोबस्त होता. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याचे 'पोलीस ॲक्शन' असेच नाव आहे. 'ॲक्शनच्या साली जन्मलो' असे सांगणारे सभासद आपल्या भागात अजून भेटतात.

एक दुखरी बाजू

येथपर्यंतचा इतिहास भाषणांत ऐकू येतो. पुढचा सहसा येत नाही. पण पाठ द्यायचा तर पुरा द्यावा, अर्धा देऊ नये.

रझाकारांचा बीमोड झाल्यावर अनेक ठिकाणी सूड उगवला गेला, आणि तो ज्यांचा काही दोष नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांच्या अहवालाच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता, आणि लातूरचा उल्लेखही त्या अहवालात आहे. हा अहवाल कित्येक दशके बंद कपाटात राहिला. २०१३ साली तो वाचायला खुला झाला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाचविल्याच्या नोंदीही त्यात आहेत, त्याही तितक्याच खऱ्या.

ही गोष्ट सांगितल्याने लढ्याचे मोल उणे होत नाही. लढा एका धर्माशी नव्हता, लोकांना न विचारता चालणाऱ्या राजवटीशी होता. याचा सगळ्यांत मोठा साक्षीदार म्हणजे शोएबुल्ला खान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पत्राचा हा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे तो निर्भयपणे लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला भररस्त्यात ठार मारण्यात आले. मुक्तीचा दिवस यायला चार आठवडेही उरले नव्हते. तो दिवस मोहिते, पाटील, कांबळे यांचा जेवढा, तेवढाच शेख, पठाण, सय्यद यांचाही आहे, हे शोएबुल्ला खान यांच्या रक्ताने लिहून ठेवले आहे.

औशाच्या पेठेत आणि कारखान्याच्या भागपत्रांवर ही सगळी आडनावे शेजारी शेजारी आहेत. एकाच विहिरीवर दोघांची मोटार, एकाच टोळीने दोघांचा फड तोडलेला. १७ सप्टेंबरच्या भाषणात एखाद्याने जीभ सैल सोडली तर टाळ्या पडतात, पण मागच्या ओळीत बसलेला आपलाच सभासद मान खाली घालतो. ज्या दिवशी कुणाला मान खाली घालावी लागते, तो त्याच्यापुरता मुक्तिदिन होत नाही. एवढे भान वक्त्याने आणि ऐकणाऱ्याने, दोघांनी ठेवले पाहिजे.

पदरात काय पडले

मुक्ती मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले, हे शेतकऱ्याने हिशेबाने पाहावे.

१९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून हक्क मिळाले. १९५२ साली पहिल्यांदा सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी मत दिले. १९५४-५५ साली खासरा पाहणी झाली. आजही वहिवाटीचा तंटा निघाला, की तहसिलीत त्याच खासरा पाहणी पत्रकाची नक्कल मागतात. हाली शिक्का १९५९ साली कायमचा बंद झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात विकासाच्या न्याय्य वाटपाचे आश्वासन मिळाले होते. ते किती पाळले गेले हा प्रश्न मराठवाडा अजून विचारतो आहे, आणि तो विचारण्याचा हक्क हीसुद्धा त्या दिवसाचीच देणगी.

सहकाराचेच पाहा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ सहकारी कारखान्याची जुळवाजुळव करीत होते, त्याच वर्षी आपण रझाकारांच्या धाकात होतो. तो कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. आपल्याकडे सहकारी साखर उशिरा आली, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

दिवस कसा पाळतात

छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभाजवळ मुख्य शासकीय सोहळा होतो, तेथे मुख्यमंत्री ध्वजारोहण करतात. जिल्हा व तालुक्याच्या ठिकाणी, ग्रामपंचायतीत, शाळेत झेंडावंदन होते. प्रभातफेरी निघते, हुतात्म्यांना अभिवादन होते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुद्दाम याच दिवशी स्थापन झाले. २०२३ साली मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव साजरा झाला. हद्दीपलीकडे बीदर-कलबुर्गीत हाच दिवस 'कल्याण कर्नाटक उत्सव दिन' म्हणून पाळतात, आणि तेलंगणातही २०२२ पासून तो सरकारी पातळीवर साजरा होऊ लागला. तीन भाषांचा एकच दिवस आहे.

आपण काय करावे

आमच्या तीन सूचना आहेत. खर्चाच्या नाहीत.

पहिली : १९४८ साली जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आता नव्वदीच्या घरात आहेत. असे माणूस आपल्या वाडीवस्तीवर असेल, तर घरातल्या शिकणाऱ्या पोराला वही घेऊन त्यांच्यापुढे बसवा. कुठे पळून गेलो, कोणी आसरा दिला, दाणे कुठे पुरले, कोण परत आलेच नाही, एवढे विचारले तरी पुरे. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. हे पीक पुढच्या हंगामाला उभे राहणार नाही.

दुसरी : माळ्यावरच्या पेटीत निजामकाळचे कागद असतील तर ते वाळवीच्या तोंडी देऊ नका. अलीकडे दाखल्यांसाठी जुन्या नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून त्यांची किंमत सर्वांना कळली आहे. उर्दू किंवा मोडी वाचणारा जाणकार गाठून तो कागद काय आहे हे वर मराठीत लिहून ठेवावे. गावातले उर्दू वाचणारे मौलवी वा निवृत्त गुरुजी हे काम आनंदाने करतील, आणि त्या निमित्ताने दोन घरे एका ओसरीवर बसतील.

तिसरी : सर्वसाधारण सभेला या. कायद्याप्रमाणे ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती नेहमी मुक्तिदिनाच्या आगेमागेच येते. ज्या मुलखात रयतेला राज्यकारभारात मत नव्हते, त्या मुलखात आज एक एकरवाल्याला एक मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच मत आहे. अहवाल वाचून या. खर्चाचा आकडा समजला नाही तर उभे राहून विचारा. उमरीच्या माणसांनी न मागता हिशेब दिला. आपण तर कायद्याने मागू शकतो.

१७ तारखेला सकाळी झेंडावंदनाला जाताना लेकरांना बरोबर न्यावे, आणि वाटेत हा सारा वृत्तांत त्यांच्या कानावर घालावा. आडसालीची खुरपणी दोन तास उशिरा झाली तरी चालेल.

जय हिंद. जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी